वेशीवरचा थांबा

फार फार पूर्वी, राजेसुद्धा सायकलवरून फिरत त्या काळी, दूर देशी शिकून आलेल्या एका मुलीला वाटले होते, की आपण आपल्या गावातून सर्वांच्या पुढे गेलो की लोक टाळ्या वाजवतील. प्रत्यक्षात वेशीवर सारे गप्प उभे राहिले.

त्याचे असे झाले. त्या राज्यात दरवर्षी सायकलींची मोठी शर्यत होई. रोज एक टप्पा, असे बरेच दिवस. सगळे टप्पे मिळून ज्याचा वेळ सर्वांत कमी, त्याच्या खांद्यावर राजाचा केशरी शेला. शर्यतीत एक रीतही होती. वाटेत ज्याचे गाव येई, त्याला बाकीचे पुढे सोडत आणि स्वतः हळू होत. त्याने घरच्यांना भेटावे, घोटभर ताक प्यावे. मागचे आले की सगळ्यांनी एकदम निघावे.

तिचे गाव दिसू लागले तेव्हा शेला एका कुंभारणीच्या खांद्यावर होता. ती हसून म्हणाली, "जा गं, आईला भेट. आम्ही येतो रमतगमत."

मुलगी पुढे गेली. आई ताकाचा पेला घेऊन उभी होती. पण मुलीच्या मनात आले, 'शर्यत म्हणजे शर्यत. असल्या रीतींमुळेच आपला देश मागे राहिला.' ती थांबलीच नाही. संध्याकाळी शेला तिला मिळाला.

कुणीही भांडले नाही. शेवटी न राहवून तिनेच कुंभारणीला विचारले, "ताई, आई काही म्हणाली?"

"घाबरली होती बिचारी. आम्ही सांगितलं, पोरीचा ब्रेक लागला नाही. तर आणखीच घाबरली. पुढे घाट ना!" कुंभारीण हसली, मग म्हणाली, "उद्या माझं गाव. धाकटी बहीण बाळंतीण आहे, भाचा अजून पाहिला नाही. पण आता मला कोण सोडतंय? एक जण म्हणालाच, 'ताई, तुझाही ब्रेक लागला नाही तर?'"



दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे निघायच्या बेतात असताना ती पंचांपुढे उभी राहिली.

"काल माझा ब्रेक शाबूत होता," ती सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली. "माझा कालचा टप्पा रद्द धरा."

"मग तू शर्यतीतून बाद होशील," पंच म्हणाले.

"ठाऊक आहे. पण आज ताईला पुढे सोडा."

तिने शेला उतरवून कुंभारणीच्या खांद्यावर घातला. काल टोमणा मारणारा गडी घसा खाकरून म्हणाला, "ताई, भाच्याचे पेढे आम्हालाही हवेत हं!"

मुलीने सायकल वळवली आणि ती आईकडे निघाली.

दुसऱ्यांनी विश्वासाने मोकळी केलेली वाट जो आपल्या फायद्यासाठी वापरतो, तो मागून येणाऱ्या सगळ्यांची वाट बंद करतो.