शेणकिडीचा गोळा बाईंच्या टेबलावर

एक होती शेणकिडी. काळी काळी, हरभऱ्याएवढी. नाव तिचं ढकली.

ढकली काय करायची? शेणाचा गोळा करायची. मग डोकं खाली, पाय वर. मागच्या पायांनी गोळा ढकलायची. उलटी उलटी चालायची. ढकल ढकल, ढकल ढकल.

आज तिनं छान गोळा केला होता. हा गोळा खायचा नव्हता बरं का. हे तिच्या बाळाचं घर होतं. बाळ अजून आलं नव्हतं. पण घर आधी हवं, नाही का? गोळा बिळात न्यायचा, त्यात अंडं घालायचं, दार लावायचं. एवढंच काम राहिलं होतं.

वाटेत ढकलीला दम लागला. ती जराशी थांबली. तेवढ्यात वरून एक हात आला. हातानं गोळा उचलला. गोळा गेला.

हात होता सुगंधाचा. सुगंधा म्हणजे पहिलीतली मुलगी. बाईंनी काल सांगितलं होतं, "उद्या येताना एक गोल वस्तू आणा." सुगंधा विसरली. शाळेच्या दाराशी आली तेव्हा तिला आठवलं. खाली बघते तर गोळा. कसा अगदी गोल गोल.

बाईंच्या टेबलावर सगळ्यांच्या वस्तू मांडल्या होत्या. बांगडी होती. भाकरी होती. एकानं चौकोनी डबा आणला होता. का? तर आतला लाडू गोल.

सुगंधानं गोळा ठेवला. बाईंनी नाक मुरडलं.

"हे काय गं?"

"गोल आहे, बाई."

बाईंनी इकडून पाहिलं. तिकडून पाहिलं. "आहे खरा गोल," त्या म्हणाल्या. आणि गोळ्याखाली कागद घातला.

ढकली मागोमाग आली. तुरुतुरु, तुरुतुरु. बघते तर गोळा उंच टेबलावर. ढकलून पाडावा, तर फुटेल. कुणीतरी हातानंच अलगद उतरवायला हवा. आणि खिडकीतून ऊन येत होतं. टेबलावर हळूहळू सरकत होतं. गोळ्याला ऊन लागलं, की गोळा वाळणार. वाळला, की तडकणार. मग बाळानं राहायचं कुठं?

ढकली सुगंधाच्या पायाशी गेली.

"सुगंधाताई, सुगंधाताई, गोळा दे ना.
गोळा मिळाला की बाळाला घर होईल."

सुगंधा म्हणाली, "आत्ता कसा देऊ? बाई गोल शिकवतायत. धडा संपला की देईन."

ढकली बाईंकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. बाई फळ्यावर गोल काढत होत्या. एक गोल काढला. त्याच्याशेजारी दुसरा काढला.

"बाई, बाई..."

"आधी हात वर करायचा," बाई म्हणाल्या. "मग बोलायचं."

ढकलीनं एक पाय वर केला.

"दिसत नाही गं."

ढकलीनं दोन पाय वर केले. मग तीन. मग चार. मग पाच. मग सहा. सहाही पाय वर. ढकली पडली उताणी. पडल्या पडल्याच बोलली,

"बाई, बाई, धडा संपवा ना.
धडा संपला की सुगंधा गोळा देईल.
गोळा मिळाला की बाळाला घर होईल."

बाई म्हणाल्या, "मी कशी संपवू बाळ? घंटा वाजली की धडा संपतो. तोवर संपत नाही."

आणि बाईंनी तिसरा गोल काढला.

ढकली कशीबशी सुलटी झाली. ओसरीत गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. तिथं घंटा टांगलेली होती. पितळेची, मोठी, जाडजूड.

"घंटे, घंटे..."

"रांगेत," घंटा म्हणाली. "रांगेत ये. घुसायचं नाही."

ढकली रांगेत उभी राहिली. पुढे कोणी नाही. मागे कोणी नाही. ढकली आपली उभी.

बऱ्याच वेळानं घंटा म्हणाली, "हं, आता कुणाचा नंबर?"

"माझा," ढकली म्हणाली.

"घंटे, घंटे, वाज ना.
घंटा वाजली की धडा संपेल.
धडा संपला की सुगंधा गोळा देईल.
गोळा मिळाला की बाळाला घर होईल."

घंटा म्हणाली, "आपली आपण कशी वाजू? लोक म्हणतील, हिला वेड लागलं. काकांनी टोल दिला की वाजेन."

काका म्हणजे शाळेचे शिपाई, रावजीकाका. ते दारापाशी स्टुलावर बसले होते. मांडीवर टोल द्यायची हातोडी होती. ढकली गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काका, काका..."

"चपला बाहेर काढ," काका म्हणाले.

"काका, मला चपलाच नाहीत."

"मग घेऊन ये. आणि बाहेर काढ. नियम म्हणजे नियम."

काय करता? ढकलीनं कडुलिंबाची पानं आणली. एकेका पायात एकेक घातलं. दारापर्यंत आली. फटक फटक, फटक फटक. मग सगळी पानं काढली. दाराशी नीट लावून ठेवली.

"आता बोल," काका म्हणाले.

"काका, काका, टोल द्या ना.
टोल दिला की घंटा वाजेल.
घंटा वाजली की धडा संपेल.
धडा संपला की सुगंधा गोळा देईल.
गोळा मिळाला की बाळाला घर होईल."

काका म्हणाले, "टोल कशाचा देऊ? हा टोल जेवणाचा. खिचडी झाली की देतो. खिचडीचा वास आल्याशिवाय माझा हात उठतच नाही."

ढकलीनं वळून वर्गात पाहिलं. ऊन बांगडीपर्यंत आलं होतं. आणि बाई? बाईंचा फळा गोलांनी भरला होता. आता त्या भिंतीवर गोल काढत होत्या.

ढकली स्वयंपाकाच्या खोलीत पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. तिथं हौसामावशी होती. शाळेची खिचडी तीच करायची.

"मावशी, मावशी..."

"हात धुतलेस?" मावशीनं विचारलं. "कुठून आलीस, काय ढकलून आलीस, मला सगळा वास येतोय हो."

ढकलीनं पुढचे पाय धुतले.

"मधले?"

मधले धुतले.

"आणि मागचे कोण धुणार? तुझी आत्या?"

मागचेही धुतले.

"मावशी, मावशी, खिचडी करा ना.
खिचडी झाली की काका टोल देतील.
टोल दिला की घंटा वाजेल.
घंटा वाजली की धडा संपेल.
धडा संपला की सुगंधा गोळा देईल.
गोळा मिळाला की बाळाला घर होईल."

मावशी म्हणाली, "अगं, तांदूळ टाकले. डाळ टाकली. हळद टाकली. चूल पेटलीय. पण हे पातेलं बघ, रुसून बसलंय. पातेलं रटरटलं की खिचडी होईल. बघ तुझं तरी ऐकतंय का."

ढकली पातेल्याजवळ गेली. फार जवळ नाही हं. खाली जाळ होता.

"पातेल्या, पातेल्या, रटरट ना.
पातेलं रटरटलं की खिचडी होईल.
खिचडी झाली की काका टोल देतील.
टोल दिला की घंटा वाजेल.
घंटा वाजली की धडा संपेल.
धडा संपला की सुगंधा गोळा देईल.
गोळा मिळाला की बाळाला घर होईल."

पातेलं हळूच म्हणालं, "माझं डोकं उघडं आहे. सकाळी एक पोरगं आलं, माझं झाकण घेऊन गेलं. गोल वस्तू हवी म्हणे. आता उघड्या डोक्यानं चारचौघांत कसं रटरटू? मला लाज वाटते. झाकण आलं की रटरटेन."

"झाकण कुठंय?"

"बाईंच्या टेबलावर."

अरे देवा. ढकली पळाली. तुरुतुरुतुरुतुरु. टेबलाचा पाय चढली. एकदा घसरली. परत चढली. वर पोचली.

ऊन आता लाडवाच्या डब्यावर आलं होतं. डब्याच्या पलीकडे गोळा. मध्ये एक बोटभर जागा.

टेबलावरच, मागच्या बाजूला भिंतीला टेकून झाकण उभं होतं. ॲल्युमिनियमचं, मोठ्या परातीएवढं. ढकलीनं मान वर केली. अजून वर केली. तरी झाकणाचं टोक दिसेना.

"झाकणा, झाकणा, चल ना.
झाकण आलं की पातेलं रटरटेल.
पातेलं रटरटलं की खिचडी होईल.
खिचडी झाली की काका टोल देतील.
टोल दिला की घंटा वाजेल.
घंटा वाजली की धडा संपेल.
धडा संपला की सुगंधा गोळा देईल.
गोळा मिळाला की बाळाला घर होईल."

झाकण म्हणालं, "जायला मी कधीचं तयार आहे. इथं उभं राहून कंटाळा आला. पण मला पाय नाहीत. कुणी ढकललं की जाईन."

"कुणी म्हणजे कुणी?" ढकलीनं विचारलं.

"कुणीही. ज्याला ढकलता येतं तो."

ढकलीनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग डोकं खाली घातलं. मागचे पाय वर केले. पाय झाकणाला लावले.

ढकल ढकल.

झाकण हललं नाही.

ढकल ढकल, ढकल ढकल.

झाकण किंचित हललं. खळ्ळ.

ढकलीनं डोळे मिटले. बाळाचं घर आठवलं. ढकल ढकल, ढकल ढकल, ढकल ढकल, आणि झाकण सुटलं. घर्र घर्र, घर्र घर्र. टेबलावरून खाली. खण्ण. आणि पडलं उभंच्या उभं. वर्गातून निघालं. घर्र घर्र. बाई भिंतीवर गोल काढत काढत दारापर्यंत पोचल्या होत्या. झाकण त्यांच्या बाजूनं गेलं.

"बाई, गोल पळतोय," मुलं म्हणाली.

"गोल असतो तो पळतो," बाई म्हणाल्या. "चौकोनी डबा पळतो का?"

मुलांनी डबा ढकलून पाहिला. डबा जागचा हलला नाही. आतला लाडू मात्र पळाला. थेट एकाच्या तोंडात.

झाकण ओसरीत आलं. घर्र घर्र. रावजीकाकांनी पाय वर घेतले. "चपला..." ते म्हणणार होते. पण झाकण केव्हाच पुढे गेलं होतं. थांबलं ते मावशीच्या पायाशी.

"आलास का रे मेल्या," मावशी म्हणाली. "इतका वेळ कुठं उंडारत होतास?" तिनं झाकण खळखळून धुतलं. पातेल्याच्या डोक्यावर ठेवलं.

मग काय झालं?

झाकण आलं, पातेलं रटरटलं. रटरट रटरट.
पातेलं रटरटलं, खिचडी झाली. पिवळी पिवळी.
खिचडी झाली, काकांना वास आला. काकांचा हात उठला.
काकांनी टोल दिला, घंटा वाजली. टण टण टण.
घंटा वाजली, धडा संपला. बाई दाराबाहेर पोचल्या होत्या. अर्धा राहिलेला गोल त्यांनी तसाच सोडला. "आपापला गोल आपण घेऊन जा," त्या म्हणाल्या.

सुगंधा टेबलाजवळ आली. ऊन गोळ्याला टेकायला आलं होतं. अगदी टेकणारच होतं. सुगंधानं दोन्ही हातांची ओंजळ केली. गोळा अलगद उचलला. ढकली तिच्या अंगठ्यावर बसली.

"वाळला का गं?" सुगंधानं विचारलं.

ढकलीनं गोळा चाचपला. वरून चाचपला, खालून चाचपला.

"नाही," ती म्हणाली. "ओला आहे."

सुगंधानं गोळा बिळाच्या तोंडाशी ठेवला. ढकलीनं डोकं खाली घातलं. ढकल ढकल, ढकल ढकल. गोळा आत गेला. ढकली आत गेली.

सुगंधा तिथंच उकिडवी बसून राहिली. मावशीनं हाक मारली, "सुगंधे, खिचडी निवतेय. आणि हात धुऊन ये बाई. साबण लावून."

सुगंधा हलेना. तिनं बिळाला तोंड लावलं.

"ढकले, अंडं घातलंस का?"

"घातलं," आतून आवाज आला.

"गोल आहे?"

आत जरा खुडबुड झाली. ढकली बहुतेक वाकून बघत असावी.

"जवळजवळ," ती म्हणाली.

सुगंधा हसली आणि हात धुवायला पळाली.

गोळा गेला बिळात, खिचडी गेली पोटात, आणि गोष्ट येऊन बसली तुमच्या कानात.