कारखान्याच्या खांबावरचा पटका

त्या दिवशी पश्चिमेचा वारा जोरात सुटला होता. बर्फाच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला तर गावानं काय करायचं, ते सांगायला तालुक्याचे साहेब आले होते. जाडजूड पुस्तक उघडून म्हणाले, "भोंगा वाजला की सगळ्यांनी शाळेत जमायचं."

शाळा कारखान्याच्या पूर्वेला. शेजारच्या धोंडाबाईची नात तिथंच शिकते.

मी हळूच म्हटलं, "पण वारा तिकडंच जातोय."

"आजोबा, हे शिकलेल्या माणसांनी लिहिलंय."

मी डोक्याचा पटका सोडून वर धरला. तो शाळेकडे फडफडू लागला.

"साहेब, वारा माझ्यासारखाच अडाणी. त्याला पुस्तक वाचता येत नाही."

साहेबांनी पुस्तकातली शाळेची ओळ खोडली. मग त्यांनी पटका मागितला आणि कारखान्याच्या खांबावर बांधला. तो उडेल तिकडं कुणी पळायचं नाही, असं ठरलं.

निघताना धोंडाबाई म्हणाली, "तात्या, ऊन लागेल. नातीची ओढणी गुंडाळा डोक्याला, ती काही म्हणायची नाही."