शेवटच्या भावाला काय म्हणतात

“आणि तोट्याला?”

“उन्नरस्कुद.”

“नफ्याला?”

“ओवरस्कुद.”

“कर्ज?”

“येल.” हेमांगीने जांभई गिळली. “बुवा, हे सगळं मला नॉर्वेजियनमध्ये येतं. मागणी येते, मजुरी येते, करार येतो. मी विचारते ते सांगा ना. शेवटच्या भावाला काय म्हणतात?”

बुवांनी किटलीचं झाकण उचललं, आत पाहिलं आणि परत ठेवलं.

“पुरवठ्याला?”

“तिलबूद,” हेमांगी म्हणाली आणि भिंतीला डोकं टेकून तिने डोळे मिटले.

वेंगुर्ल्याच्या अलीकडे खाडीच्या काठावर ती मठी होती. एक खोली, एक ओटा, ओट्यावर चूल. बुवा म्हणजे तिथले कोणी जुने साधू नव्हते. तरुणपणी ते बोटीवर चढले आणि पार नॉर्वेला जाऊन पोहोचले. तिथल्या एका बंदरात तीस वर्षं त्यांनी सुक्या मासळीची दलाली केली. मग एके दिवशी खांद्याला एक पिशवी अडकवून परत आले आणि या ओसाड मठीत राहू लागले. का परत आले, ते गावाने खूपदा विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. शेवटी गावानेच चार कारणं तयार केली, आणि ज्याला जे आवडलं ते त्याने ठेवून घेतलं.

भर वैशाखातही त्यांच्या डोक्यावर लोकरीची टोपी असे. कॉफी ते कोरी पीत. पोरं त्यांना नारवेबुवा म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा.

हेमांगी परब गेले चार महिने रोज संध्याकाळी त्यांच्याकडे येत होती. पुण्यात शिकून तिथेच चांगल्या नोकरीत असलेली मुलगी. गेल्या वर्षी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली, आणि त्यांचा काजूचा कारखाना तिच्या गळ्यात पडला. कारखाना म्हणजे एक लांब पत्र्याची शेड आणि काजू फोडणाऱ्या पस्तीस बायका. दोन वर्षं तो तोट्यातच चालला होता.

आता नॉर्वेहून एक व्यापारी माल बघायला येणार होता. सौदा झाला तर वर्षभराचं काम. नाही झाला तर शेडला कुलूप.

त्या व्यापाऱ्याला इंग्रजी येत होतं. पण त्याच्या घरच्या भाषेत भाव बोललो तर आपण परके वाटणार नाही, असं हेमांगीचं गणित होतं. आणि खरं सांगायचं तर तिला त्याला चकितही करायचं होतं. शाळेपासून तिने पाठ केलेला शब्द चुकलेला कोणी ऐकला नव्हता.

“बुवा, तो उद्या येणार आहे.”

“ठाऊक आहे.”

“आपल्याकडे सगळी मदार त्या एका शब्दावर असते. बाबा खुर्चीवरून उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, हा शेवटचा भाव. समोरचा गप्प व्हायचा. तो एक शब्द नसेल तर बाकीचे दोनशे काय कामाचे?”

…

बुवांनी पाट पुढे सरकवला आणि तिच्या समोर येऊन बसले.

“मी पाहुणा. मला काजू वीक.”

हेमांगी सावरून बसली. दिवसभर शेडमध्ये उभं राहून तिचे पाय भरून आले होते, आणि काजूच्या टरफलांचा तेलकट जळका वास तिच्या ओढणीतून जात नव्हता. पण हे तिला येत होतं.

तिने नमस्कार केला, नॉर्वेजियनमध्ये. मग आपला काजू कुठे पिकतो, कसा वाफवतात, बायका एकेक गर हाताने कसा अख्खा काढतात, ते सगळं सांगितलं. एकही शब्द अडला नाही.

“किलोला एकशे दहा क्रोनर,” ती शेवटी म्हणाली.

बुवांनी तिच्याकडे पाहिलं.

…

“पॅकिंग आमचंच,” ती म्हणाली. “त्याचे वेगळे पैसे नाहीत.”

…

“माल जास्त घेणार असाल तर एकशे पाच.”

बुवांनी दोन पेल्यांत कॉफी ओतली. एक तिच्यापुढे ठेवला, एक स्वतःच्या हातात घेतला.

…

“तुमची पहिलीच खरेदी आहे. शंभर.”

खाडीवर वाकलेल्या झाडावरून खंड्या पाण्यात झेपावला आणि तसाच रिकाम्या चोचीने परत येऊन बसला. बुवा त्याच्याकडे बघत राहिले.

…

“पंच्याण्णव.”

…

“नव्वद,” हेमांगी म्हणाली. आता नॉर्वेजियन सोडून ती मराठीवर आली होती. “नव्वद, बुवा. हा शेवटचा भाव.”

बुवांनी कॉफीवर हळूच फुंकर मारली.

…

“बरं, पंच्याऐंशी.”

म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला ऐकू आला.

नव्वदच्या खाली माल देणं म्हणजे घरचं घालून धंदा करणं. हे तिनेच आकडे मांडून मुकादम जानूकाकांना महिनाभर समजावलं होतं. ते म्हणायचे, “बाय, पाच-दहा खाली-वर होतंच गो.” आणि ती म्हणायची, “काका, नव्वद म्हणजे नव्वद.”

“तुम्ही तर काहीच बोलला नाहीत,” ती म्हणाली.

“नाही.”

“मग मी कोणाशी घासाघीस करत होते?”

…

“मला खेळवू नका, बुवा. माझ्यात आता तेवढं त्राण नाही. शेवटच्या भावाला काय म्हणतात, तेवढं सांगा. मी जाते.”

“तो तुला मराठीत तरी कुठे येतो?”

हेमांगी उठली. चपला पायांत सरकवताना तिचा हात भिंतीला घासला, तेही तिला कळलं नाही.

“उद्या शेड बंद झाली तर पस्तीस बायकांना काय सांगू? बुवांनी कोडं घातलंय म्हणून?”

“कॉफी तशीच राहिली तुझी,” बुवा म्हणाले.

घरी बाबा खिडकीकडे तोंड करून पडले होते. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून घरात दोघांच्या वाटचं हेमांगी एकटीच बोलत असे. दिवसभरात काय झालं ते सांगायची, त्यावर ते काय म्हणाले असते तेही स्वतःच म्हणायची. आज तिला तोंड उघडायचीही इच्छा नव्हती. ती मुकाट्याने पेज भरवू लागली.

अर्धी वाटी झाल्यावर बाबांनी ओठ मिटले.

“हा शेवटचा घास, बाबा.”

त्यांनी तोंड उघडलं. घास घेतला.

तिचा हात सवयीने वाटीत गेला आणि चमचा पुन्हा भरला.

ती थांबली. गेलं वर्षभर रोज शेवटच्या घासामागून आणखी तीन-चार घास जात होते. बाबा त्या भरलेल्या चमच्याकडे बघत होते. रागाने नाही. नुसते बघत होते.

हेमांगीने चमचा वाटीत ठेवला, वाटी खाली ठेवली आणि त्यांचं तोंड पुसलं. मग बाबांनी चांगल्या हाताने तिच्या मनगटावर दोनदा थोपटलं आणि डोळे मिटले.

पाहुणा सकाळी आला. नाव हालवॉर. उंच, गोरा, उन्हाने लालेलाल झालेला, पायांत मोजे आणि त्यावर सँडल. हेमांगीने त्याच्या भाषेत स्वागत केलं तेव्हा तो खरंच चकित झाला. पण तिला वाटला होता तेवढा आनंद काही झाला नाही.

तो आभार मानताना सारखा “ताक्क, ताक्क” म्हणत होता. जानूकाकांनी दोनदा ताक आणवलं. त्याने दोन्ही वेळा ते निमूटपणे संपवलं.

शेडमध्ये तो बराच वेळ फिरला. बायका हाताला राख चोळून बसल्या होत्या. टरफलातलं तेल अंगाला लागलं की कातडी जळते, म्हणून राख. त्याने ते हात पाहिले. एक गर उचलून दातांनी मोडला, आतला रंग पाहिला, चावला. मग तिघं टेबलाशी येऊन बसली.

“भाव?” त्याने विचारलं.

“शंभर,” हेमांगी म्हणाली.

तिने एकशे दहापासून सुरुवात केली नव्हती. का, ते तिला सांगता आलं नसतं.

हालवॉरने टेबलावर कोपरं टेकली.

…

पंखा फिरत होता. बाहेर काजू फोडण्याचा आवाज चालू होता, टक्, टक्, एका लयीत. पत्र्यावर कावळा चालत गेला.

…

“बाय,” जानूकाका कुजबुजले, “काहीतरी बोल गो. तोंड बघ त्याचं.”

तिने टेबलाखाली हात नेऊन त्यांचा गुडघा दाबला.

…

“पंच्याण्णव म्हण. हातचं गिऱ्हाईक जातंय.”

पंच्याण्णव तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं. नुसतं तोंड उघडलं असतं तरी बाहेर पडलं असतं. तिच्या पाठीवरून घाम उतरत होता. तिला बाबा आठवले नाहीत, बुवाही आठवले नाहीत. खूप दमायला झालं आहे, एवढंच तिला कळत होतं. इतकं की आणखी एक पायरी उतरायचीही ताकद नाही.

…

हालवॉरने ताकाचा रिकामा पेला बोटाने थोडा फिरवला. मग तो बोलला. सावकाश, तिला कळेल अशा बेताने.

माल चांगला आहे, तो म्हणाला. पण या भावाने त्याला पुरा माल नेता येणार नाही. अर्धा नेईल.

हेमांगी त्याच्याकडे बघत राहिली. खाली उतरायची जागा अजून होती. तो वाट बघतोय की काय, असंही तिला वाटून गेलं.

“अर्धा,” ती म्हणाली आणि हात पुढे केला.

त्या संध्याकाळी ती मठीवर गेली तेव्हा बुवा चुलीपाशी बसले होते. त्यांनी न विचारताच दोन पेले काढले.

“घेतला?”

“अर्धा. शंभरने.”

“हं.”

“गणपतीपर्यंत शेड चालेल. पुढचं माहीत नाही. अर्ध्या बायकांना कदाचित त्यानंतर येऊ नका म्हणून सांगावं लागेल.” ती ओट्यावर टेकली. पायांतल्या चपलाही तिने काढल्या नव्हत्या. “पंच्याण्णव म्हटलं असतं तर पुरा घेतला असता.”

“असता?”

“माहीत नाही.”

…

“जानूकाका तर दुपारपासून माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, एवढं नॉर्वेजियन शिकून ऐन वेळी मुकी झालीस.”

बुवांच्या मिशीत हसू आल्यासारखं झालं. आलं आणि गेलं.

ओहोटी लागली होती. खाडीचं पाणी उतरून कडेचा चिखल उघडा पडला होता आणि त्यात खेकडे आपापल्या बिळांपाशी उभे होते. हेमांगीने कॉफी प्यायली. कडू होती. तरी सगळी प्यायली. बराच वेळ दोघं तशीच बसली. आज ते गप्प राहणं तिला टोचत नव्हतं.

तो शब्द तिने पुन्हा विचारला नाही.

वर उजेड अजून होता, पण मठीच्या आत अंधारलं होतं. कोनाड्यात बुवांची ती पिशवी ठेवलेली होती, नॉर्वेहून येताना आणलेली. चार महिने ती रोज तिच्या डोळ्यांसमोर होती. आज तिने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. तीस वर्षांचं सामान मावेल एवढी ती मुळीच नव्हती.

“बुवा,” तिने हळूच विचारलं, “तिकडे एवढी वर्षं धंदा केलात. शेवटचा भाव किती वेळा सांगितलात?”

…

बुवांनी डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. केसांवर तिचा गोल वळ उमटला होता.

“एकदा.”

“मग?”

…

…

“मग पिशवी उचलली आणि इकडे आलो.”