सवतीची मोरी

समोर रेल्वेचा भराव दिसतो ना, त्याखालच्या दगडी मोरीला आमच्या धामणझरीत सवतीची मोरी म्हणतात. बायकांनी खुशाल पुढे जावं. पुरुषांनी मात्र इथूनच पाहायचं. उगाच रुसू नका, मीही इथंच थांबतो. का, ते सांगतो.

रेल्वे आली तेव्हा हा भराव रान आणि तळं यांच्या मधोमध पडला, असं सांगतात. सांबरांची पाण्याची वाट तुटली. वाट तुटली म्हणून तहान थोडीच तुटते? जनावरं भराव चढून जायची आणि गाडीखाली सापडायची. डोमा नावाचा गँगमन इथल्या रुळांची देखभाल करी. मेलेली जनावरं ओढून बाजूला काढणं त्याच्याच वाट्याला येई. त्याला ते बघवेना. मग तो मोरीत मिठाचे खडे ठेवू लागला. मिठाच्या ओढीनं सांबराची एक मादी खालून जायला शिकली आणि तिच्यामागून बाकीचा कळप.

इकडे डोमाची बायको पारबता कोड्यात. घरातलं मीठ जातं कुठं? शेजारणींना अर्थातच सगळं ठाऊक होतं. "तुहा नवरा मोरीपाशी कोनाले तरी 'ये वो रानी' म्हनते," एकीनं सांगितलं. पारबताच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला नवऱ्यानं आजवर 'अवो, आयकलं का' यापलीकडे हाक मारली नव्हती.

ती पाळतीवर गेली. पाहते तर डोमाच्या तळहातावरचं मीठ एक सांबरीण चाटते आहे, आणि तो हसतो आहे. बाई असती तर पारबतानं झिंज्या उपटल्या असत्या. सांबरिणीचं काय उपटणार? माझ्या घरचं मीठ आणि हसू मात्र हिला! त्या मत्सरानं ती आतून जळत राहिली.

दुसऱ्या दिवशी डोमा यायच्या आधी ती मोरीत शिरली, मिठाचे खडे उचलले आणि बाहेर येऊन वर भरावावर भिरकावून दिले. मीठ नसलं की ती येणार नाही, हा वाट बघत बसेल, एवढंच तिला हवं होतं म्हणे. पण खडे पडले नेमके रुळांत. डोमा खाली उभा राहून 'ये वो रानी' म्हणत होता, तेव्हा सांबरीण त्याच्या डोक्यावर, रुळांमधलं मीठ हुंगत होती. त्याच वेळी गाडी आली.

डोमा खाली बसला तो उठेचना. लपून बघत बसलेली पारबता झुडपाआडून बाहेर आली. तेवढ्यात सांबरिणीचं पाडस धडपडत मोरीत उतरलं. ते डोमाकडे गेलं नाही. पारबताच्या हाताला मीठ लागलं होतं, तो हात ते चाटू लागलं.

डोमा हात पुढे करून सरकला, तशी पारबता आडवी झाली. "तुमची होती ते गेली," ती म्हणाली. "हे माही आहे. हिले हात नाई लावाचा."

पुढे जन्मभर मोरीत मीठ तिनंच ठेवलं. नवऱ्याला पायसुद्धा ठेवू दिला नाही.

आजही गावात नवी सून आली की पहिल्यांदा मोरीत मीठ ठेवायला जाते. नवरा इथं, आपण उभे आहोत तिथंच थांबतो. सांबरं येतात, मीठ चाटतात, खालून पलीकडे जातात. सून परत येते ती हसत. आत कोण आलं होतं, असं नवऱ्यानं कितीही विचारलं, तरी ती सांगत नाही.