काम न करणारा प्लग

देवबागच्या खाडीत सुमित्राबाई तारी पर्यटकांना होडीतून फिरवत. त्यांचं जुनं इंजिन वेगात छान चाले, पण धक्क्याशी संथ केलं की थरथरून मधूनच बंद पडे. होडी-संघाचे अध्यक्ष जयवंतराव चारचौघांत गरजले, "इंजिन मोडीत काढा, नाहीतर होडी बंद!"

"आधी दुखणं तर शोधू," बाई म्हणाल्या.

इंजिन संथ चालू ठेवून, हातमोजा घालून त्यांनी ठिणगी पाडणाऱ्या तीन प्लगांपैकी एकाची वायर उपसली. इंजिन आचके देऊ लागलं. ती बसवून दुसरी उपसली, तर काहीच फरक पडला नाही.

"सापडला! ज्याच्या जाण्यानं फरक पडत नाही, तो कामच करत नाही."

इंजिन बंद करून त्यांनी तो काजळी धरलेला प्लग घासून बसवला. आता इंजिन संथ असतानाही एका लयीत चालू लागलं.

"ही कसोटी संघातल्या माणसांनाही लावायला हवी," जयवंतराव म्हणाले.

"लागली की, भाऊ! महिनाभर तुम्ही पुण्याला होतात. एकही फेरी चुकली नाही."

जयवंतराव हळूच म्हणाले, "मग माझं काय करावं?"

"प्लग मी फेकला का? साफ करून कामालाच लावला ना!"

जयवंतरावांनी चपला काढल्या आणि होडीचा दोर सोडायला ते पाण्यात उतरले.