मुकिंदाचे निबंध

नदीच्या वळणावर चिंचखुटी नावाचं गाव आहे. तिथं मुकिंदा नावाचा एक भोळा तरुण आईसोबत राहत होता. भोळा म्हणजे किती? त्याला कुणी म्हणालं, "जरा थांब," तर पुन्हा कुणी "चल" म्हणेपर्यंत तो थांबायचा.

मुकिंदाच्या मामाची मुलगी मंगल. तिला मुकिंदा आवडायचा, कारण त्याला खोटं बोलता येत नव्हतं. मुकिंदाला मंगल आवडायची, कारण ती त्याला हसायची आणि त्याला वाटायचं की ती नुसतीच आनंदी आहे. मामाची हरकत नव्हती. अट मात्र होती.

मामा म्हणाला, "माझी पोरगी बारावी पास आहे. तू राज्यशास्त्रात आणि इतिहासात गटांगळी खाल्लीस. या खेपेला पास हो, लग्न लावून देतो. नाहीतर तिला नगरचं एक स्थळ आलंय, त्यांना मी होय म्हणतो."

मग मुकिंदा अभ्यासाला लागला. तालुक्याला जगदाळे सर होते. ते मोठ्या उत्तरांचे प्रश्न घरी लिहायला द्यायचे आणि बाजाराच्या दिवशी उत्तरं तपासायचे.

पहिलाच प्रश्न होता, "स्थानिक शासन संस्थांचे महत्त्व थोडक्यात लिहा."

मुकिंदानं रात्रभर विचार केला आणि लिहिलं, "आहे."

सरांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

"हे काय रे?"

"थोडक्यात लिहिलं, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "अरे, कुणी काही विचारलं की नुसतं उत्तर देऊन भागत नाही. आधी मागचा इतिहास सांगायचा. मग कारणं द्यायची. मग उदाहरणं."

"हे आधी कळलं असतं तर चुकलोच नसतो," मुकिंदा म्हणाला. आणि त्यानं ते डोक्यात पक्कं बसवलं.

संध्याकाळी तो परतीच्या एसटीत बसला. कंडक्टर आला. "कुठं?"

"चिंचखुटी," मुकिंदा म्हणाला. "चिंचखुटी हे गाव पूर्वी नदीच्या पलीकडे होतं. मग पूर आला. म्हणून ते अलीकडे आलं. आता मी तिथं जाण्याची कारणं. पहिलं कारण, माझं घर तिथं आहे. दुसरं कारण, घरात माझी आई आहे. तिसरं कारण, तिनं पिठलं केलं असणार. उदाहरणार्थ, मागच्या बाजाराच्या दिवशी..."

"तिकीट घ्या हो."

"उदाहरण चाललंय," मुकिंदा म्हणाला.

पिठल्याचं उदाहरण संपलं तेव्हा चिंचखुटीचा थांबा मागे राहिला होता. कंडक्टरनं घंटी ओढून त्याला माळावर उतरवलं आणि दारातून वाकून सांगितलं, "विचारलं की एका शब्दात सांगत जा बाबा. हो तर हो, नाही तर नाही."

"हे आधी कळलं असतं तर चुकलोच नसतो," मुकिंदा म्हणाला आणि चालत घरी आला. पिठलं थंड झालं होतं.

पुढचा प्रश्न होता, "नागरिकांचे मूलभूत हक्क अमर्याद असावेत का? चर्चा करा."

मुकिंदानं लिहिलं, "नाही."

या वेळी सरांनी कागद उलटाही केला नाही. "मुकिंदा, चर्चा करा म्हटलंय. कुठल्याही गोष्टीला दोन बाजू असतात. बाजूने काय बोलता येईल ते सगळं सांगायचं. मग विरुद्ध काय बोलता येईल तेही सगळं सांगायचं, भीड न ठेवता. आणि शेवटी आपलं मत. म्हणजे हक्क हवेत, पण त्यांच्यावर वाजवी निर्बंध हवेत, असं."

"हे आधी कळलं असतं तर चुकलोच नसतो."

त्याच आठवड्यात मामानं त्याला आणि त्याच्या आईला जेवायला बोलावलं. चार पाहुणे होते. जेवणं झाली, पान-सुपारी आली. मामा खुशीत होता. पाहुण्यांसमोर त्यानं गमतीनं विचारलं, "काय मुकिंदा, आमची मंगल पसंत आहे ना?"

मुकिंदा सावरून बसला.

"मंगलच्या बाजूने," तो म्हणाला, "ती हसते छान. बारावी एका दमात पास झाली. भाकरी गोल करते. मंगलच्या विरुद्ध, तिचा चहा इतका गोड असतो की मुंग्या दारापर्यंत येतात. ती उशिरा उठते. आणि तिचा बाप तापट आहे."

मुकिंदाची आई पदर तोंडाला लावून बसली.

"दोन्ही बाजूंचा विचार करता," मुकिंदा म्हणाला, "मंगलवर काही वाजवी निर्बंध घालून तिला मान्यता द्यायला हरकत नाही."

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. मंगल ओट्याला धरून हसत होती. पण मामाचा चेहरा लाल झाला.

"घरच्या माणसाची अशी चिरफाड करतात होय रे?" तो म्हणाला. "आपल्या माणसाची एकच बाजू घ्यायची. त्यानं काहीही केलेलं असो. एकदा धरली की सोडायची नाही. हे तुला जमत नसेल तर नगरवाल्यांना आजच निरोप धाडतो."

"जमेल," मुकिंदा म्हणाला. "हे आधी कळलं असतं तर चुकलोच नसतो."

मंगल त्याला दारापर्यंत सोडायला आली. "चहात साखर कमी घालीन," ती म्हणाली. "तू फक्त पास हो."

आता मुकिंदाच्या घरी एक म्हैस होती. ती एका दुपारी दावं तोडून शेजारच्या गुणाजीतात्यांच्या परड्यात शिरली आणि त्यांचा भोपळ्याचा वेल खाऊन आली. तात्या तक्रार घेऊन चावडीवर गेले. सरपंचांनी मुकिंदाला बोलावलं. सोबत आई आली.

सरपंच भला माणूस होता. तो म्हणाला, "कुणी पाहिलेलं नाही. कुणाचीही म्हैस असू शकते. मुकिंदा, तुझं काय म्हणणं?"

"माझी म्हैस घरची आहे," मुकिंदा म्हणाला. "मी तिचीच बाजू घेणार."

"घे की. तिनं वेल खाल्ला नाही, असंच ना?"

"खाल्ला. वेल खाल्ला, दोन भोपळे खाल्ले, तात्यांचं वाळत घातलेलं धोतर चघळलं. तरी मी तिच्या बाजूने."

तात्यांना धोतराचं माहीत नव्हतं. ते मटकन खाली बसले.

"आणि सरपंच, तुमच्या बांधावरचा मका गेला होता ना, तो पण तिनंच खाल्ला. तरीही मी तिची बाजू सोडणार नाही."

सरपंचाचा भलेपणा तिथं जरा कमी झाला. शेवटी असं ठरलं की पुढचा महिनाभर म्हशीचं सकाळचं दूध तात्यांकडे आणि संध्याकाळचं सरपंचांकडे जाईल.

घरी जाताना आई म्हणाली, "लेकरा, चार माणसांत असं नाव घेऊन सांगू नये. कुणीतरी होतं, कुठंतरी होतं, काहीतरी झालं, एवढं म्हणावं आणि गप्प बसावं. नाव घेतलं की माणूस अडकतो."

"हे आधी कळलं असतं तर," मुकिंदा म्हणाला, आणि त्याला बिनदुधाचा चहा आठवून पुढचं बोलवेना.

परीक्षा आली. राज्यशास्त्राचा पेपर मुकिंदानं चांगला लिहिला. मागचा इतिहास, कारणं, उदाहरणं, दोन्ही बाजू, शेवटी मत. ज्या गोष्टी त्याला एसटीत आणि मामाच्या घरी नडल्या, त्या कागदावर बरोबर बसल्या. वर्गावर लक्ष ठेवणारे मास्तरही एकदा त्याच्यापाशी थांबून मान हलवून गेले.

मग इतिहासाचा पेपर आला. मोठा प्रश्न होता, "१८५७ च्या उठावाची कारणे व परिणाम सविस्तर लिहा." मुकिंदाला सगळं पाठ होतं. त्यानं पेन उचललं. मग त्यानं वर्गात नजर फिरवली. चारच काय, चाळीस माणसं बसली होती.

त्यानं लिहिलं:

"पूर्वी आपल्या देशावर काही लोक राज्य करत होते. ते बाहेरून आले होते. कुठून ते सांगत नाही. त्यांनी एकाचं राज्य घेतलं, मग दुसऱ्याचं घेतलं. त्यामुळे एका बाईंना फार राग आला. कुठंतरी एका छावणीत शिपायांना काहीतरी दिलं. ते दातांनी तोडायचं होतं. त्याला कशाची तरी चरबी लावली होती. मग कुणीतरी गोळी झाडली. यात कुणाकुणाचा हात होता हे मला नीट माहीत आहे. पण नाव घेणार नाही."

अशी त्यानं पाच पानं लिहिली. एकही नाव घेतलं नाही. घंटा झाली तेव्हा तो समाधानानं उठला आणि थेट सरांकडे गेला.

"कसा गेला?" सरांनी विचारलं.

"कुणीही अडकणार नाही असा लिहिलाय, सर."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता ते आरामखुर्चीत खाली खाली घसरत गेले. मग ते म्हणाले, "मुकिंदा, इतिहासात नाव घ्यावंच लागतं. आणि एका नावावर कुणी खूश होत नाही. आठवतील तेवढी सगळी नावं घ्यायची, भराभर. आठवायची थांबली की शेवटी 'इत्यादी' म्हणायचं. म्हणजे समोरच्याला वाटतं, याला अजून बरीच माहीत आहेत."

मुकिंदा त्या रात्री जेवला नाही. नगरचं स्थळ त्याच्या डोळ्यांपुढे येत होतं. निकालापर्यंतचे दिवस त्यानं कसेबसे काढले. मंगलनंही नखं कुरतडून ठेवली.

निकाल लागला. राज्यशास्त्रात मुकिंदाला गावात कुणाला पडले नव्हते एवढे गुण पडले. इतिहासात तो काठावर पास झाला. का झाला ते कुणाला कळलं नाही. बहुधा तपासणाऱ्याला अशी शंका आली असावी, की या मुलाला खरंच बरंच काही माहीत आहे आणि त्याला जास्त छेडू नये.

मामा शब्दाचा पक्का होता. त्यानं नगरवाल्यांना नकार कळवला आणि अंगणात मांडव घातला. अक्षता पडल्या. मुकिंदानं एकही चूक केली नाही. थांब म्हटलं की थांबला, चल म्हटलं की चालला. मामा पाहुण्यांना सांगत होता, "पोरगं आता शहाणं झालं हो."

मग पंगत बसली. नवरा-नवरीसमोर ताटं आली, भोवती रांगोळी काढली. मुकिंदानं जिलेबीचा तुकडा मंगलच्या तोंडापाशी नेला, तसा बायकांनी गलका केला, "असं नाही, असं नाही. आधी नाव घ्या."

मुकिंदाचा हात थांबला. त्यानं मांडवभर पाहिलं. या वेळी त्याला नेमकं ठाऊक होतं. एकाच नावावर कुणी खूश होत नाही.

तो ताठ बसला आणि भराभर म्हणाला, "सुमन, कांता, पारू, गुणाजीतात्यांची शकू, पोस्टातल्या देशमुखबाई, कंडक्टरची बहीण लीला, नगरला दिलेली अनसूया, मंगल, इत्यादी."

पाणी वाढणारा भरलेल्या पेल्यात पाणी ओततच राहिला. मामा उभा होता, तो खांबाला धरून राहिला. सुमनचा नवरा सुमनकडे बघायला लागला.

मंगलनं खाली मान घालून हळूच विचारलं, "हे इत्यादी कोण?"

"कुणीच नाही," मुकिंदानं सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावून सांगितलं. "तसं म्हटलं की लोकांना वाटतं, याला अजून बऱ्याच माहीत आहेत."