लाल खोंड

शुक्रवार, दुपारी सव्वाचार. माळवाडी फाट्यावरचे सिकंदरभाईंचे सीट कव्हरचे दुकान. दुकानासमोर दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार उभी असायला हवी होती. ती नव्हती. दुकानात आदगोंडाही नव्हता.

आदगोंडा हा माळवाडीतला भोळा कारागीर. वय बेचाळीस. त्याच्यासारखी शिलाई पंचक्रोशीत कोणाची नाही. टाका असा पडतो की दोरा शोधावा लागतो. फक्त त्याला काम सांगताना जपून सांगावे लागते, कारण तो सांगितलेले ऐकतो. शब्दाला शब्द. आणि विसरत नाही.

गाडी धनपालशेठ मगदूम यांची. चौसष्टाव्या वर्षी त्यांनी ती जुन्यात घेतली आणि पहिल्याच दिवशी पद्मावतीकाकूंना घेऊन वेशीपर्यंत गेले. वेशीवर काकू उतरल्या आणि चालत घरी आल्या.

"पाट बरा की ओ याच्यापेक्षा!" त्या म्हणाल्या. "गादी बदला. मगच बसेन."

शेठ तीन महिने मनधरणी करत होते. शेवटी ठरले. शुक्रवारी पाच वाजता बाहुबलीच्या डोंगरावर जायचे, दर्शन घ्यायचे आणि दिवस मावळायच्या आत तिथेच डबा खायचा. त्याआधी नवा फोम आणि नवे चामड्याचे कव्हर बसलेले पाहिजे. सिकंदरभाईंनी शब्द दिला आणि आदगोंडाला बजावले, "हे काम बिघडलं तर तुझी सुई वेगळी आणि माझी मशीन वेगळी."

"बरं," आदगोंडा म्हणाला.

सोमवारी दोन्ही सीट बाहेर काढल्या. जुना फोम शेठना परत द्यायचा होता. आदगोंडाने तो खांद्यावर टाकून नेला आणि त्यांच्या बैठकीत ठेवला. फोममधून उंदराचे घरटे निघाले. घरटे रिकामे नव्हते.

"अरे, गिऱ्हाइकाची वस्तू अशी द्यायची असते का?" सिकंदरभाई ओरडले. "स्वच्छ धुवायची, मग द्यायची!"

"आधी सांगायचं की, भाई. पुढच्या वेळी धुतो."

मंगळवारी नवा फोम आला. सीटच्या मापाने कापला. शेठ पांढरी विजार घालून बसून बघायला आले. बसले. फोमने भरपूर पाणी सोडले. तो सकाळपासून बोअरच्या हौदात होता.

"धुतला होता," आदगोंडा म्हणाला. "दोनदा."

"अरे, नवी वस्तू कोण धुतं?" सिकंदरभाईंनी कपाळाला हात लावला. "आणि ओलं काही असलं तर उन्हात टाकायचं! कडकडीत वाळल्याशिवाय हात लावायचा नाही!"

"आधी सांगायचं की, भाई. पुढच्या वेळी वाळवतो."

बुधवारी चामडे आले. मऊसूत, तपकिरी, हाताला गार लागणारे. आदगोंडाने त्यावरून बोट फिरवले. गार म्हणजे ओले. ते त्याने पत्र्यावर पसरले, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि संध्याकाळपर्यंत हात लावला नाही. सांगितल्याप्रमाणे.

संध्याकाळी सिकंदरभाईंनी चामडे उचलले. ते कडकन वाजले.

"भाई," आदगोंडाने विचारले, "हे आता तळायचं का?"

सिकंदरभाई खालीच बसले. जादा मागवलेले एक चामडे कपाटात होते, म्हणून ते परत उठू शकले. ते त्यांनी आदगोंडाच्या हातात दिले आणि आवाज चढू न देता बोलले. पुढे जे झाले त्याला हेच बोलणे कारण आहे, म्हणून ते जसेच्या तसे देत आहे.

"आदगोंडा, हे कातडं आहे. जनावराचं असतंय हे. उन्हात टाकायचं नाही. तेलाचा हात फिरवायचा. घरच्या बैलासारखं जपायचं."

"घरच्या बैलासारखं?"

"घरच्या बैलासारखं!"

गुरुवारी आदगोंडाने कव्हरे शिवली. सिकंदरभाईंना चूक सापडेना. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले, तरी सापडेना. आता शुक्रवारी फक्त फोमवर कव्हर चढवायचे आणि सीट बसवायच्या.

शुक्रवारी बेंदूर, म्हणजे बैलांचा सण होता. गावात सकाळपासून हलगी वाजत होती. सिकंदरभाई नमाजला निघाले. तिथून बहिणीकडे जेवून चारला परतणार होते.

"परवाचं लक्षात आहे ना?" त्यांनी विचारले.

"घरच्या बैलासारखं जपायचं."

"शाबास."

"आणि गाडीला?"

"तिलाही तसंच! ओरखडा आला नाही पाहिजे."

आता बेंदराच्या दिवशी घरच्या बैलाला काय करतात, हे माळवाडीत कोणाला सांगावे लागत नाही. आदगोंडालाही लागले नाही.

सव्वाचारला सिकंदरभाई रिकाम्या दुकानासमोर उभे असताना रिक्षा थांबली. शेठ उतरले. मागून नवे लुगडे नेसलेल्या काकू, हातात पुरणपोळीचा डबा.

"गाडी कुठाय?" शेठनी विचारले.

सिकंदरभाई चाकांच्या खुणा बघत होते. खुणांच्या दोन्ही बाजूंना बैलांचे खूर उमटले होते. तिघे खुणांमागून निघाले आणि चावडीपुढच्या पटांगणात पोचले.

सजवलेले बैल स्पर्धेसाठी नंबरवार ओळीत उभे होते. बारावा नंबर गाडीचा. तिला आंघोळ घातलेली होती, अंगभर तेलाचा हात फिरवलेला होता. दोन्ही बाजूंच्या आरशांना शिंगांसारखा हिंगूळ फासून गोंडे बांधले होते. समोरच्या जाळीतून वेसण ओवली होती. टपावर नव्या फोमचे वशिंड होते, आणि वशिंडावरून पाठभर पांघरलेली तपकिरी चामड्याच्या कव्हरांची झूल, कडेने बारीक शिलाई. आत सीट नव्हत्या. कडबा होता. ओरखडा एकही नव्हता.

"आदगोंडा!" सिकंदरभाई ओरडले.

"बघा भाई, घरच्या बैलासारखं. इथपर्यंत आणताना जरा अडला होता. मग चौगल्यांच्या बैलजोडीनं ओढला. जुंपली नाही, नुसता कासरा बांधला."

शेठनी घड्याळ पाहिले. "पावणेपाच झाले! सोड ती वेसण. मी आहे तशी नेतो. पद्मा, बस त्या कडब्यावर."

आदगोंडा आडवा आला. "नाही शेठ. आज बेंदूर. आज जुंपायचं नाही."

"अरे गाडी आहे ती!"

"भाईंनी सांगितलंय."

शेठनी सिकंदरभाईंकडे पाहिले. सिकंदरभाईंनी हलगीवाल्याकडे पाहिले. पटांगणातले सगळे काकूंकडे पाहू लागले, कारण तीन महिन्यांनी त्या गाडीत बसणार हे गावाला ठाऊक होते.

काकूंनी डबा उघडला. एक पोळी काढली.

"तोंड कुठलं रे याचं?"

"हे काय, पुढं."

काकूंनी बॉनेटला कुंकू लावले आणि पोळी समोर ठेवली. "बरोबर बोलतोय तो. सणाच्या दिवशी मुक्या जिवाला जुंपायचं नसतंय."

"अगं, पण डोंगर? जेवण?"

"जेवण इथं. डोंगर उद्या. माझे पाय दुखायलेत, ते वशिंड द्या इकडं."

वशिंड उतरवून चावडीच्या पायरीवर ठेवले. काकू बसल्या. थोड्या वर-खाली झाल्या.

"मऊ आहे की ओ," त्या म्हणाल्या.

शेठ त्यांच्या शेजारी टेकले. दिवस मावळायच्या आत दोघांनी तिथेच डबा संपवला. एक पोळी आदगोंडालाही मिळाली.

सिकंदरभाईंनी मात्र त्याला बाजूला घेतले. "उद्यापासून..." त्यांनी सुरुवात केली. आदगोंडा मान पुढे करून लक्षपूर्वक ऐकू लागला, एकही शब्द सुटू नये म्हणून. सिकंदरभाईंच्या लक्षात आले, की येऊ नकोस म्हटले तर हा खरोखर येणार नाही. त्यांनी झुलीची शिलाई पुन्हा एकदा पाहिली.

"उद्यापासून आठला ये," ते म्हणाले. "आधी सीट बसव. गाडीत."

शनिवारी सीट बसल्या, गाडीतच. काकू डोंगरावर जाऊन आल्या आणि वेशीवर उतरल्या नाहीत. इथवर कोणाची तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. शुक्रवारी संध्याकाळी उत्सव समितीने पहिले बक्षीस बारा नंबरला दिले. प्रमाणपत्र आता सिकंदरभाईंच्या दुकानात टांगलेले आहे. मी ते वाचले. जनावर: खोंड. रंग: लाल. दात: चार. स्वभाव: गरीब. मारकुटा नाही. खाली तिघा परीक्षकांच्या सह्या.

तिघांनाही मी वेगवेगळे गाठले. पहिले म्हणाले, रंग मी लिहिला. दुसरे म्हणाले, स्वभाव मी लिहिला, आणि त्यात चूक काय? तिसरे म्हणाले, आधी दोघांच्या सह्या होत्या म्हणून मी केली. आदगोंडालाही विचारले. त्याला कोणी सांगितले नव्हते, म्हणून त्याने काही मोजले नव्हते.

दात कोणी मोजले, याचे उत्तर समितीने अद्याप दिलेले नाही.